टेस्लाच्या फोनसाठी थांबलेल्यांना

सोसायट्यांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. टेस्लाचा ‘पाय’ फोन येतोय; उन्हात आपोआप चार्ज होतो, सिमशिवाय थेट उपग्रहावरून नेट घेतो, मेंदूतल्या चिपशी बोलतो, मंगळावरही चालतो. आणि शेवटी ठसक्यात: आत्ता नवा फोन घेऊ नका! पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या मोबाइल दुकानदारांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

आधी असा फोन आहे का ते बघू. मेसेजमधली चित्रं 2021 साली एका डिझाइन स्टुडिओनं हौसेनं केलेल्या व्हिडिओतली. टेस्लाचा त्याच्याशी संबंध नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क म्हणाले, की ॲपल आणि गूगलनं ट्विटर आपल्या स्टोअरमधून काढलं आणि दुसरा इलाजच उरला नाही, तर मी फोन बनवेन. फॉरवर्ड होता होता अट गळाली, फोन तेवढा उरला. पुढे 2024 मध्ये त्यांनीच फोन बनवत नसल्याचं सांगितलं, ते मात्र कुणी पुढे ढकललं नाही. ‘पण पुण्यात विमाननगरला टेस्लाचं ऑफिस आहे ना?’ आहे की. 2023 मध्ये जागा भाड्यानं घेतली, गाड्यांच्या धंद्यासाठी.

सौर चार्जिंगवर जरा थांबतो, कारण इथे इंजिनिअर मंडळीही माना डोलावतात. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण 1000 वॅट. फोनची पाठ 16 बाय 7.5 सेंटिमीटर धरली, तर तिच्या वाट्याला येतात 12 वॅट. चांगलं पॅनल त्यातल्या पाचव्या हिश्शाची वीज करतं, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास मावतात. फोन पालथा घालून, एकही कॉल न घेता आठ तास! तेही बाराचं ऊन आठ तास टिकलं तर. शिवाय एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि ॲपल तर आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेतच वापरायला सांगते. तापलेला फोन चार्जिंग स्वतःच थांबवतो. गच्चीत पापडांशेजारी फोन ठेवायचा बेत असेल, तर राखणीला कुणीतरी बसवा.

उपग्रहाचा मुद्दा सगळा खोटा नाही, म्हणूनच तो खपतो. 2022 च्या आयफोन 14 पासून काही देशांत अडचणीच्या वेळी उपग्रहावरून मदत मागता येते. अमेरिकेत टी-मोबाइलनं 2025 मध्ये मस्क यांच्याच स्टारलिंकच्या उपग्रहांवरून मेसेज पाठवायची सेवा सुरू केली, तीही नेहमीच्या 4जी फोनवर. म्हणजे त्यासाठी टेस्लाचा फोन लागतच नाही. शिवाय डोक्यावर मोकळं आकाश हवं. सदाशिव पेठेतल्या स्लॅबखाली त्याची मजा नाही. आणि ‘सिम नको, कंपनी नको’ हे आपल्याकडे चालेल? परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणणाऱ्या परदेशी पाहुण्यांना आपल्या विमानतळांवर पोलिसांनी ताब्यात घेतलंय.

मेंदूतली चिप? मस्क यांच्याच न्यूरालिंक कंपनीनं जानेवारी 2024 मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली, कवटीची शस्त्रक्रिया करून. फोनच्या खोक्यात ती येत नाही. मंगळाचं म्हणाल, तर तिथे संदेश पोचायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात. ‘हॅलो’ म्हणा आणि चहा टाका.

त्या मेसेजखाली आगाऊ बुकिंगची लिंक दिसली तर पैसे भरू नका. कुणी आधीच भरले असतील, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. हातात आहे त्या फोनवरून लागतो.