४० हजारांचा पटर आणि मनगटातला एक अंश : वाळूजच्या वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण नुसती चिडून नाही. त्यात मोजमाप आहे. म्हणून उत्तर दोन ओळींत उरकत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हौशी गोल्फरने महागड्या पटरवर (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायची काठी) पैसे घालू नयेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर वाळूजला टूलरूम सांभाळणारे हे वाचक म्हणतात : ४० हजारांचा मिल्ड (धातूच्या ठोकळ्यातून मशीनवर कोरलेला) पटर घेतला, तेव्हापासून राउंडमागे (१८ होलच्या एका खेळामागे) पट, म्हणजे पटरचे फटके, ३७ वरून ३३ वर आले. फेसला (बॉलला लागणाऱ्या बाजूला) स्वतः डायल गेज लावून पाहिला, सपाटी वीस मायक्रॉनच्या आत आहे. अमेरिकन गोल्फर स्कॉटी शेफलरनेही पटर बदलला आणि लगेच जिंकला. सबब माझा लेख म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

द्राक्षांचं राहू द्या, डायलचं बोलू. वीस मायक्रॉन मान्य. आता ब्लेड (पटरचं पातळ डोकं) धरा साडेचार इंची, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या आसपास. बॉलला लागताना फेस एक अंश उघडा (बाहेर वळलेला) राहिला तर टो (डोक्याचं पुढचं टोक) हीलपेक्षा (शाफ्टकडचं टोक) किती मागे राहतो? २ मिलिमीटर. तुमच्या वीस मायक्रॉनच्या शंभरपट. हाच एक अंश १० फुटांवर सुमारे ५३ मिलिमीटर होतो. होलचा व्यास १०८, त्याचा निम्मा ५४. म्हणजे ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) अगदी सपाट असलं तरी बॉल कसाबसा काठाला शिवणार. पटिंगमध्ये बॉल कुठल्या दिशेला निघणार हे बहुतांशी फेसच ठरवतो, हात कुठून कसा आला त्याचा वाटा थोडा. व्हाइसमध्ये जॉब हलत असताना तुम्ही महागडा कटर मागवाल का? आधी जॉब आवळाल.

म्हणून सगळे पटर सारखेच, असं मात्र मी म्हणत नाही, मूळ लेखातही म्हटलं नव्हतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइमने १९५९ मध्ये पिंगचा पहिला पटर बनवला, तो हौस म्हणून नाही. त्याने वजन मधून काढून हील आणि टोकडे नेलं. त्यामुळे बॉल मधोमध लागला नाही तरी डोकं कमी वळतं, वेग कमी मरतो. आजचे मोठाले मॅलेट (रुंद डोक्याचे पटर) याच विचाराची पुढची पायरी आहेत. आपल्यासारख्यांचा बॉल फेसवर रोज वेगळ्या जागी लागतो, तेव्हा याचा फायदा खराच आहे. गंमत अशी की तुम्ही घेतलाय पातळ ब्लेड, जो या बाबतीत सगळ्यात कमी माफ करतो! दिसायला देखणा आहे, हे कबूल.

आता शेफलर. मार्च २०२४ मध्ये तो मॅलेटकडे वळला आणि आर्नॉल्ड पामर इन्व्हिटेशनल जिंकला, हे खरं. पण त्याआधी काही महिने तो फिल केनयन या पटिंग प्रशिक्षकाकडे घाम गाळत होता. आणि त्याच्या आदल्या वर्षी पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेच्या) पटिंग यादीत १६२ वा असूनही त्याने प्लेअर्स चॅम्पियनशिप मारली होती. जो माणूस अप्रोच शॉट (लांबून ग्रीनवर आणणारा फटका) होलजवळ आणून ठेवतो, त्याचं पटिंग नुसतं बरं झालं तरी तो जिंकतो. आपण अप्रोच कुठे आणून ठेवतो, ते आपल्यातच राहू द्या.

राहिले तुमचे ३७ चे ३३. नुसते पट मोजून पटिंग कळत नाही. चिप (ग्रीनच्या बाहेरून मारलेला छोटा फटका) होलपासून चार फुटांवर थांबली तर एका पटात काम होतं, तीस फुटांवर राहिली तर तीनही लागू शकतात, आणि पटर तोच असतो. याच कारणाने कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी अंतर धरून हिशेब करायची पद्धत बसवली आणि २०११ पासून पीजीए टूर पटिंग तिनेच मोजते. तुमचा हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) याच काळात उतरलाय, असं तुम्हीच खाली लिहिलंय. मग चार पट पटरने वाचवले की चिपने? शिवाय नवा पटर माणूस घेतो कधी? लागोपाठ वाईट राउंड गेल्यावर. तिथून आकडा थोडा सावरणारच होता, हातात जुना पटर असता तरी. आणि ४० हजार मोजल्यावर माणूस रोज रात्री हॉलमधल्या मॅटवर पट मारत बसतोच. ते बसणं मी फुकट मानत नाही, पण त्याचं बिल पटरच्या नावावर का फाडायचं?

टूरवरचे लोकसुद्धा ८ फुटांवरून निम्मेच पट घालतात. राउंडला नव्वदीच्या घरात फटके घेणारा आपल्यासारखा माणूस ५ फुटांवरून निम्मे. आपले जास्तीचे शॉट जातात ते लांबून : पहिला पट सहा फूट पुढे नाहीतर सहा फूट मागे, मग दुसरा हुकतो. अंतराचा हा अंदाज कुठल्याही फेसवर मिल करून मिळत नाही. त्यात आपण इथून रविवारी पहाटे निघून पुण्याला खेळायला जाणार. ऑगस्टात ओल्या, जड ग्रीनवर शिकलेला हात जानेवारीत कोरड्या ग्रीनवर बॉल पार पलीकडे घालवतो. छावण्यांतल्या जुन्या कोर्सांवर तर ग्रीनऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूचे ब्राउन असायचे. त्यावर तयार झालेली मंडळी पहिल्यांदा गवतावर आली की तासभर चाचपडतात.

पैसे घालायचेच तर मापावर घाला. दुकानात सर्रास ३४-३५ इंची पटर टांगलेले असतात. उंचीला तो लांब पडला की माणूस बॉलपासून दूर उभा राहतो, डोळे रेषेच्या आत येतात आणि निशाणाच चुकतो. शाफ्ट कापून ग्रिप बदलायला नव्या पटरच्या मानाने किरकोळ खर्च येतो. फक्त कापल्यावर डोकं हलकं वाटतं, त्याला थोडं वजन लावावं लागेल. ते काम तर तुमच्याच शॉपमध्ये होईल.

पुढच्या खेपेला जुना पटरही डिकीत टाका. तीस फुटांवरून आलटून पालटून दोन्हींनी वीस-वीस बॉल मारा आणि प्रत्येक बॉल होलपासून किती लांब थांबला ते टेपने मोजा. पट किती पडले ते लिहू नका, उरलेली अंतरं लिहा. मग पाच फुटांवरून तसंच, तिथे मात्र किती पडले तेच लिहा. आकडे इथेच खाली टाका. नव्या पटरची उरलेली अंतरं खरोखर कमी निघाली तर त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, आणि तुमचा ब्लेड एक दिवस मागून घेईन.