शिक्षेनंतरचे गुरुवार

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार. अमेरिकेत, ओहायोतल्या एका बैठ्या इमारतीसमोर मी गाडीत बसून होते. आत, आमच्याकडे राहणारी सोळा वर्षांची मुलगी तिच्या थेरपिस्टबरोबर होती. पहिला अर्धा तास तिचा, मग मला बोलावणं. मांडीवरचा फोन मात्र थांबायचं नाव घेत नव्हता. दोनच दिवसांपूर्वी बदलापुरात लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले होते. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार, आणि आरोप शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाशीपेक्षा कमी काही कुणी बोलत नव्हतं. एरवी फक्त स्वामींचे फोटो टाकणाऱ्या काकूंनीसुद्धा 'लोकांच्या ताब्यात द्या' असं लिहिलं होतं.

महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. ग्रुपवर पेढे आले. मी एक ओळ टाइप केली, 'त्या दोघींचं आता कोण बघतंय?' आणि खोडून टाकली. सणात कुणी अशुभ बोलू नये तसं वाटलं.

रागाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या मुलीशी ज्याने ते केलं तो माणूस समोर आला तर मी काय करीन, मलाच ठाऊक नाही. पण तो तुरुंगात आहे. रीतसर खटला होऊन, लांब मुदतीची शिक्षा होऊन. ती शिक्षा झाली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आमच्याकडे आली तेव्हा चौदाची. मधली आठ वर्षं तो आत होता आणि ती बाहेर राहून झोपू शकत नव्हती. घरच्या चर्चा जिथे संपतात, तिथून आमचे गुरुवार सुरू होतात.

ती आली ती काळ्या कचऱ्याच्या पिशवीत कपडे घेऊन. फॉस्टर मुलांचं, म्हणजे सरकारने घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेल्या मुलांचं, सामान असं पिशवीतून फिरणं इथे इतकं नित्याचं आहे की त्यांना बॅगा मिळाव्यात म्हणून लोक देणग्या गोळा करतात. कुत्र्याला विमानातून न्यायला खास पेटी मिळते, त्या देशात. आमचं घर तिचं सहावं. तिच्याआधी तिची फाइल आली होती: चोरी करते, खोटं बोलते, ऐकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या खोलीतून वास यायला लागला. गादीखाली बुरशी धरलेल्या चार पोळ्या, चीजचे तुकडे, अर्धं केळं आणि कच्च्या मॅगीचं पाकीट. माझं सांगलीचं डोकं लगेच फिरलं: झुरळं होतील, मागितलं असतंस तर दिलं नसतं का? गुरुवारी तक्रार घेऊनच गेले. थेरपिस्ट म्हणाली, तिला एक डबा द्या. तिचा, तिच्या खोलीत, कधीही रिकामा न होणारा. भरायचा तुम्ही आणि हिशेब विचारायचा नाही. आईने चकल्या भरून पाठवलेला स्टीलचा डबा होता, त्यात चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, बिस्किटं भरली. पहिले अकरा दिवस तो रोज सकाळी रिकामा असे. मग अर्धा उरायला लागला. चार महिन्यांनी तळाशी राहिलेली चिक्की खवट झाली. मला वाईट वाटलं आणि थेरपिस्टला इतका आनंद झाला की मी बघतच राहिले.

माझ्या नवऱ्याची पावलं जिन्यावर वाजली की ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तो बिचारा स्वतःच्या घरात चोरासारखा, आवाज न करता चालायला लागला, आणि त्याने आणखी बिघडलं. न वाजणाऱ्या पावलांचीच तिला जास्त भीती. तुम्ही येताय हे तिला आधी कळू द्या, असं त्याला सांगितलं गेलं, तेव्हा त्याला आजोबा आठवले. वाड्यात माजघरात पाऊल टाकण्याआधी म्हातारे खाकरायचे, सुनांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. आम्ही दोघांनी त्या रीतीला जन्मभर नावं ठेवली. आता एक सॉफ्टवेअरवाला ओहायोत जिना चढताना खाकरतो.

थेरपीचा विषय निघाला की घरून दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, 'बोलून काय होणार, उलट जखम ताजी राहते.' दुसरं, 'आम्ही नाही का मार खाल्ला? काय झालं आम्हाला?' दुसऱ्याला मी हल्ली उत्तर देत नाही. ज्या काकांचं हे वाक्य असतं, त्यांच्या मुलांशी ते अकरा वर्षं बोललेले नाहीत. पहिलं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, कारण मलाही तसंच वाटायचं. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे मायेने केलेला उपदेश: बाळा, विसर आता, अभ्यासात लक्ष घाल. इथे जे चालतं ते जवळजवळ उलटं. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी नावाची पद्धत आहे, ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी घडवलेली. त्यात आधी कित्येक आठवडे घडलेल्या गोष्टीला हातच लावत नाहीत. छाती धडधडली की श्वास कसा लांबवायचा, राग आणि भीती वेगळी कशी ओळखायची, एवढंच. मग ती हकीकत मुलानेच, आपल्या वेगाने, तुकड्यातुकड्याने सांगायची, लिहायची. शेवटी विश्वासातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवायची. त्या मोठ्या माणसाचीही समांतर तयारी करून घेतात, कारण ऐकताना मोठं माणूस कोसळलं तर मूल पुन्हा गप्प होतं. माझा अर्धा तास त्यासाठीच होता.

थांबवायचं असेल तेव्हा म्हणायला एक शब्द निवड, असं तिला सांगितलं होतं. तिने 'बास' निवडला. माझ्या आईबरोबरच्या फोनवरून उचललेला. ओहायोच्या त्या खोलीत दोन वर्षांत हा शब्द किती वेळा उच्चारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी समोरचं माणूस खरोखर थांबलं. तिच्या आयुष्यात हे आधी घडलेलं नव्हतं.

कागदावर ही पद्धत साधारण १२ ते १६ बैठकांची. आमचे गुरुवार नव्वदच्या पुढे गेले. पहिली थेरपिस्ट चार महिन्यांत जास्त पगाराच्या नोकरीवर गेली आणि मुलगी पुन्हा शून्यावर आली. नवीसमोर तिने दहा आठवडे फक्त चित्रं काढली. हकीकत लिहायला सुरुवात झाली तेव्हा तर ती आधीपेक्षा बिघडली. शाळा बुडवायला लागली, ताट फेकलं. बूट घालून झोपायला लागली. पळायची वेळ आली तर शोधायला नकोत म्हणून. हे सगळं थांबवा, असं मीच एकदा म्हणाले. माझं कुणी ऐकलं नाही ते बरं झालं.

आता मी अमेरिकेची आरती ओवाळते आहे असं वाटत असेल, तर तिची फाइल वाचावी. बाराव्या वर्षी एकाच वेळी मनोविकारावरची तीन औषधं. ती आमच्याकडे असताना केसवर्कर, म्हणजे तिची केस बघणारी सरकारी बाई, चार वेळा बदलली, त्यातल्या एकीला मुलीचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं. देशात तीन लाखांहून जास्त मुलं फॉस्टर व्यवस्थेत आहेत, आणि वयात आल्यावर 'आता तुझं तू बघ' हे त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला येतं. २००८ च्या कायद्याने राज्यांना व्यवस्थेत राहण्याची मुदत वयाच्या २१ वर्षांपर्यंत वाढवण्यासाठी केंद्राचा पैसा मिळतो, पण सगळीकडे सारखं नाही. एक खरं, मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्यामुळे नव्वद गुरुवारांचं एकही बिल मला आलं नाही. ते आलं असतं तर आम्ही कितव्या गुरुवारी थांबलो असतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळते.

मावशीचा आक्षेप वेगळा होता. २०२१ मध्ये बर्लिनला एका भारतीय जोडप्याची सात महिन्यांची मुलगी सरकारने ताब्यात घेतली, त्याआधी २०११ मध्ये नॉर्वेत तसंच झालं. 'तुम्ही म्हणजे ती लोकांची मुलं ओढून नेतात ना, त्यांच्यातले?' असं तिने फोनवर विचारलं. मी चिडले, पण प्रश्न खोटा नाही. सरकार मूल उचलतं तेव्हा चूक होऊ शकते, आणि भाषा, रीत, वर्ण न कळणाऱ्या माणसाच्या हातून ती जास्त होते. आमच्या मुलीलाही आई आहे. ती महिन्यातून एकदा भेटते, आणि भेटीनंतर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

पण मावशीच्या गल्लीतली एक मुलगी मला आठवते. मी सातवीत होते, ती नववीत. एकदम शाळेतून नाहीशी झाली. हवापालटाला मामाकडे गेली, असं सांगितलं. काकाचं काहीतरी होतं, हे बायका पाण्याच्या नळावर कुजबुजायच्या. दोन वर्षांत तिचं लग्न लावलं. काका गणपतीच्या आरतीला पुढे उभे असायचे. तिला कुणी ओढून नेलं नाही, हे खरंच आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि अत्याचार करणाऱ्यांत सुमारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले. त्या काकांसाठी रुळांवर कोण उतरणार?

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे कागद कमी नाहीत. लहान मुलांवरच्या गंभीर लैंगिक अत्याचाराला फाशी २०१९ पासून पॉक्सोत आहेच. लोक मागतात ते पुस्तकात आधीच छापलेलं आहे. त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत, तपासापासून खटल्यापर्यंत मुलाबरोबर राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे. तिच्यासाठी मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही फॉस्टर पालक होता येईल, असं दार उघडलं. चांगलंच झालं. पण सांगलीतल्या एखाद्या एकट्या शिक्षिकेच्या घरी असं मूल आलं आणि तिसऱ्या आठवड्यात गादीखाली पोळ्या सापडल्या, तर तिने गुरुवारी कुणाकडे जायचं? महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. त्यात वह्या-दप्तर येईल, दर आठवड्याचा मानसतज्ज्ञ येणार नाही. योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे. त्यांनी एका विधवेचं मूल नुसतं वाचवलं नाही, घरात वाढवून डॉक्टर केलं. रक्कम नाही तर निदान कामाचा पल्ला तरी त्या नावाइतका असावा.

आमच्या मुलीने गेल्या वसंतात मला तिची हकीकत वाचून दाखवली. अकरा पानं. काय होतं ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. वाचून झाल्यावर तिने कागद दुमडला आणि भूक लागली म्हणाली.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. थेरपीला 'श्रीमंतांची करमणूक' म्हणणारी माझी निवृत्त शिक्षिका आई. तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हल्ली नातीला बरोबर आणतात. मुलीची आई वारली, बाप पितो. आई तिला गणित शिकवते, जेवायला वाढते. "अगं, पोरगी अर्धी पोळी ओढणीत बांधून नेते. मी बघितलं, पण बोलले नाही," आई म्हणाली. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर मी तिला दिला, बाल कल्याण समितीबद्दल सांगितलं. तिने सगळं वहीत लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं. मग जरा थांबून विचारलं, "त्या डब्यात काय काय ठेवायचीस गं तू?"