एक सही द्या हो!

कुणीतरी मला एकदा नीट समजावून सांगा. २०२५ साली कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने एसक्यूएलच्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, निळ्या पेनाने कागदावर का लिहायच्या? तोही साधा कागद नाही. एका बाजूला आखलेला, एका बाजूला कोरा, वर कॉलेजचा लोगो. तो फक्त कॉलेजच्या स्टेशनरीत मिळतो आणि बरोब्बर सबमिशनच्या आठवड्यात संपतो. क्वेरी लॅपटॉपवर चाललेली आहे, आउटपुट आलेलं आहे, सरांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तरी पुढचा प्रश्न काय? "राइटअप कुठंय?"

राइटअप म्हणजे टायटल, एम (म्हणजे उद्देश), थिअरी, अल्गोरिदम आणि शेवटी कन्क्लूजन. कन्क्लूजन पाठच असतं, झोपेत पण लिहिता येतं. "दस वी हॅव सक्सेसफुली स्टडीड" आणि पुढे त्या दिवसाचं जे काही असेल ते. सक्सेसफुली!

तीन लॅब. डीबीएमएस, नेटवर्क्स आणि ती एक लॅब प्रॅक्टिस. सगळ्या मिळून तीसच्या आसपास असाइनमेंट. जुलैपासून ऑगस्ट, सप्टेंबर करत एकाही सरांनी फाइल मागितली नाही. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी रात्री पावणेअकराला ग्रुपवर मेसेज आला, की पुढच्या शनिवारपर्यंत सगळं चेक करून, सर्टिफिकेटवर सही घेऊन ठेवा, नाहीतर ओरलला बसू देणार नाही. खाली हात जोडलेला इमोजी. तुम्ही हात कशाला जोडताय सर, जोडायचे तर आम्ही जोडायचे.

सोमवारी कोजागिरी होती. गच्चीवर मुलींनी दूध आटवलं होतं, वरून गाण्यांचा आवाज येत होता, आणि मी खाली खोलीत टू पास असेंबलरचा फ्लोचार्ट काढत बसले होते. पेन्सिलीने. पेनाने काढला की मॅडम पान फाडतात. अतिशयोक्ती नाही करत, माझ्यासमोर एकीचं फाडलंय. पंखा फुल्ल, तरी हाताचा घाम कागदाला लागून रेघा पसरत होत्या. पाऊस जरा थांबला रे थांबला, की ऑक्टोबर हीट माणसाला उकडून काढते आणि होस्टेलच्या वरच्या मजल्याला तर विचारूच नका. रूममेटने पेल्यात दूध आणून दिलं, ते टेबलावर ठेवलं ते ठेवलंच. रात्री दीडला आठवण झाली तेव्हा वर जाड साय आलेली आणि तिच्यात दोन चारोळ्या अडकलेल्या. को जागर्ति? अगं लक्ष्मीमाते, मी जागर्ति. पण तिने डोकावून बघितलं असेल आणि म्हणाली असेल, हिची इंडेक्सवर सही नाही, चला पुढच्या खोलीत.

आता खरं सांगते. मी सगळं छापलंय. सगळेच छापतात. टॉपरच्या फाइलचे फोटो ग्रुपवर पडतात, त्यावरून सत्तर जण लिहितात. टॉपरने सीनियरची फाइल छापलेली असते, सीनियरने त्याच्या सीनियरची. आउटपुटच्या प्रिंटमध्ये वर कोपऱ्यात फोल्डरचा पाथ दिसतो, त्यात दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या एका दादाचं नाव आहे. अख्ख्या वर्गाच्या फाइलमध्ये तो दादा आहे. तो आता कुठे नोकरी करतो माहीत नाही, पण आमच्या कॉलेजात तो अमर आहे.

आणि त्याची बेरीज चुकलेली आहे.

राउंड रॉबिनची असाइनमेंट, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक कामाला, प्रोसेसला, आळीपाळीने थोडा थोडा वेळ देतो ते. पुस्तकातलंच उदाहरण: तीन प्रोसेस, बर्स्ट टाइम (कामाला लागणारा वेळ) २४, ३ आणि ३, क्वांटम (एका पाळीचा वेळ) ४. वेटिंग टाइम येतो ६, ४ आणि ७. बेरीज सतरा, सरासरी ५.६७. चौथीतल्या पोराला जमेल. आमच्या फाइलमध्ये बेरीज अठरा आहे आणि सरासरी सहा. वर्गातल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये अठरा. मी मागच्या बॅचच्या दोघींच्या फाइल मागवून बघितल्या. अठरा! त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण, खाली सही, तारीख.

मी शहाणी. मी सतरा लिहिलं. शेजारी बसलेली मैत्रीण माझ्या पानाकडे बघून म्हणाली, "वेडी आहेस का? सगळ्यांचं अठरा आणि तुझं सतरा दिसलं तर तुलाच थांबवून विचारत बसतील." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. व्हाइटनर चालत नाही, खाडाखोड चालत नाही. म्हणून मी बरोबर उत्तर असलेलं अख्खं पान काढून टाकलं आणि ते नव्या पानावर चुकीच्या उत्तरासकट पुन्हा लिहून काढलं. रात्री अडीच वाजता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मग थोडा वेळ रडले, ते वेगळं.

तारखांचं तर विचारूच नका. इंडेक्समध्ये प्रत्येक असाइनमेंटपुढे ती ज्या आठवड्यात झाली ती तारीख टाकायची, म्हणजे एका आठवड्यात लिहिलेलं तीन महिन्यांत लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. कॅलेंडर उघडून आम्ही जुलैतले गुरुवार शोधतो. एकीने पंधरा ऑगस्ट टाकला होता. सरांनी त्यावरही सही केली.

मंगळवारपासून स्टाफरूमच्या वाऱ्या. एक सर तिसऱ्या मजल्यावर, एक मॅडम तळमजल्याला, लिफ्ट फक्त स्टाफसाठी. सर जागेवर नसतात. असले तर "लेक्चर आहे", लेक्चर नसलं तर "मीटिंग आहे", मीटिंग नसली तर "चहा घेऊन येतो, थांब." बाहेर भिंतीला टेकून चाळीस पोरं, प्रत्येकाच्या छातीशी फाइल, जणू बारसं करून आणलेलं बाळ. मधूनच दोन-तीन जण येतात, जे सरांच्या प्रोजेक्ट ग्रुपमधले आहेत, आणि थेट आत जातात. आम्ही शिकलोय ना हे! प्रायॉरिटी शेड्युलिंग. कमी प्रायॉरिटीची प्रोसेस रांगेतच राहते, तिचा नंबर कधी लागतच नाही. त्याला स्टार्व्हेशन म्हणतात. दुपारचे तीन वाजले होते आणि मेस दोनला बंद होते, म्हणजे दोन्ही अर्थांनी.

सरांचाही सगळा दोष नाही म्हणा. ते स्वतः कॉन्ट्रॅक्टवर आहेत आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फाइलींचा ढीग त्यांच्या टेबलावर माझ्या फाइलपेक्षा उंच आहे. त्यांनाही वर कुणाची तरी सही लागत असणार. पण मग एवढं कळणारा माणूस आमच्यावर तेच का काढतो, हा माझा प्रश्न आहे.

बुधवारी डिफॉल्टर लिस्ट लागली. पंचाहत्तर टक्के अटेंडन्स लागते, माझी एकाहत्तर. आता ही चार टक्के कुठे गेली ते ऐका.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठापासून फार लांब नाही. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. घरात घट बसायच्या ऐवजी शेतात पाणी बसलं. तालुक्यात काही ठिकाणी लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. आमचं घर वाचलं, पण काढणीला आलेलं सोयाबीन गेलं आणि नदीकडच्या पट्टीतली माती खरवडून गेली. पीक पुन्हा घेता येतं हो, माती कुठून आणायची? रस्ता सुरू झाल्यावर मी घरी गेले आणि आठवडाभर राहिले. आई दिवसभर धान्य वाळवत होती, एक पोतं पसरायचं, ते भरायचं, दुसरं पसरायचं. वास अजून नाकातून जात नाही.

हे क्लास टीचरना सांगितलं. ते म्हणाले, "लेटर आणलंय का?"

"कसलं लेटर सर?"

"पूर आल्याचं."

मी म्हटलं, सर, सगळ्या चॅनलवर आठवडाभर दाखवत होते. ते म्हणाले, तसं चालत नाही, लेटरहेडवर पाहिजे, आणि पालकांना घेऊन या, त्यांच्यासमोर अंडरटेकिंगवर सही होईल. पालकांना घेऊन या! पप्पा त्या आठवड्यात पंचनाम्यासाठी बांधावर उभे होते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघं मिळून येणार, मग पंचनामा, मग त्यावर सह्या. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. नाव लांब झालं, येणं तेवढंच लांबलं.) ७ ऑक्टोबरला सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मी रात्री आनंदाने फोन केला, तर पप्पा म्हणाले, "ते खरं आहे गं, पण आपल्या पंचनाम्यावर सही व्हायचीय अजून. उद्या येतो म्हणायलेत." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या सरांची सही झाली का?"

मी म्हटलं, उद्या या म्हणालेत.

दोघंही जरा वेळ काही बोललोच नाही.

आता ही गंमत बघा. लॅबच्या सर्टिफिकेटवर सही हवी तर डिफॉल्टर लिस्टमधून नाव निघालेलं पाहिजे. नाव काढायला क्लास टीचरची सही. क्लास टीचर म्हणतात, आधी तिन्ही लॅबच्या फाइल पूर्ण दाखव. फाइल पूर्ण कधी? तर सर्टिफिकेटवर सही असेल तेव्हा. डेडलॉक, डेडलॉक म्हणून जे आठ मार्कांना विचारतात ना, ते हेच. एकाच माणसाला सहीचा अधिकार, प्रत्येक जण आपला कागद धरून दुसऱ्याच्या कागदाची वाट बघतोय, कुणाच्या हातातून काही काढून घेता येत नाही आणि सगळ्यांचं मिळून गोल रिंगण झालंय. चारही अटी पूर्ण. पुस्तकात त्यावर उपायही दिलाय, की एखादी प्रोसेस मारून टाका. इथे कोण मरतं ते सांगायला नको.

गुरुवारी पप्पांना अंडरटेकिंगचं सांगितलं. ते म्हणाले, "मी कुठं येऊ आता? तूच कर की सही. चौथीपासून करतीच आहेस प्रगतिपुस्तकावर." मला वाटायचं त्यांना माहीत नव्हतं. मी केली. 'प' ला तोच झोका, शेवटी तीच रेघ, खाली दोन टिंबं. क्लास टीचरनी वरचा मजकूर वाचला नाही, सही बघितली नाही, पालक कुठे आहेत ते विचारलं नाही. कागद पंच करून फाइलला लावला आणि लिस्टवरचं माझं नाव खोडलं. पप्पांनी सगळं सोडून, करमाळ्याला गाडी बदलून, दिवसभराचा प्रवास करून यावं अशी ज्या कागदासाठी अट होती, तो कागद पाच सेकंदांत आत गेला.

दिवाळीला घरी जायचं म्हणतेय, तर तेही अधांतरी. वसुबारस १७ तारखेला. ओरलचं टाइमटेबल लागलंय, पण त्यावर मोठ्या अक्षरात 'टेंटेटिव्ह', म्हणजे तिकीट काढलं तर ओरल त्याच दिवशी येणार आणि नाही काढलं तर नाही येणार. एसटीने यंदा दिवाळीची भाडेवाढ पुरामुळे मागे घेतली, आणि आम्हा बायका-मुलींना अर्धं तिकीट आहेच, तेवढा एक विषय डोक्यातून गेला. ट्रॅव्हल्सवाल्यांचं बोलणार नाही. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही हा नियम २०१८ पासून आहे, आणि दिवाळीच्या आठवड्यात त्यांचं ॲप उघडून बघा म्हणजे झालं.

शनिवार. शेवटचा दिवस. सव्वापाचला सर सापडले. दोन सह्या झालेल्या, ही तिसरी, आणि मग सर्टिफिकेट. मी फाइल उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं वाचली नाहीत, फक्त खालचा उजवा कोपरा अंगठ्याने उचलायचा, सही, उचलायचा, सही. मी मनात मोजत होते. राउंड रॉबिनच्या पानावर हात क्षणभर थांबला आणि माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, बघितलं! बेरीज बघितली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघितली!

पेन चालत नव्हतं म्हणून थांबले होते. त्यांनी ते झटकलं, रद्दी कागदावर गोल गोल फिरवलं. मी घाईघाईने माझं पुढे केलं. "निळं नाही चालत, लाल लागतं," ते म्हणाले. खाली स्टेशनरी पाचला बंद होते. बाहेर रांगेत एकतीस जण होते, एकाकडेही लाल नाही. सरांनी घड्याळ बघितलं, फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सोमवारी ये."

तेव्हा, ज्यांच्याकडे लाल पेन आहे त्यांनी कृपा करून सोमवारी सकाळी पावणेनऊला तिसऱ्या मजल्यावर स्टाफरूमबाहेर भेटा. जेल पेन आणू नका. त्याची शाई मागच्या पानावर उतरते आणि मग ते पान परत लिहून आणायला लावतात.