‘दोन तासांचं काम, लावले दोन दिवस’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

दोन दिवस गाडीविना तुमची गैरसोय झाली आणि मधे आमच्याकडून साधा फोनही गेला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. एकच तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण ‘चार शॉकअप आणि स्प्रिंगा परत बसवणं म्हणजे दोन तासांचं काम, मुद्दाम रखडवलं’ असं जे लिहिलंय, त्यावर गप्प बसलो तर वाचणाऱ्याला तेच खरं वाटेल. आमचं पोट याच कामावर आहे.

दोन तासांत होतं, नाही असं नाही. पण त्याला स्प्रिंगसकट जुळवलेले तयार स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग मिळून होणारा एकसंध भाग) लागतात आणि न गंजलेले बोल्ट लागतात. तुमची जुनी गाडी टो करून आली, आणि पुढचे दोन्ही स्ट्रट आधीच सुटे होऊन एका खोक्यात होते. टॉप माउंट (स्ट्रट गाडीला वरून जोडणारा रबरी भाग), बेअरिंग, वरची वाटी, बंप स्टॉप (रॉडवरचा रबरी ठोकळा), डस्ट कव्हर, वॉशर, सगळं एकत्र. यातला खोलगट वॉशर कुठल्या तोंडाने बसतो हे रबरावरच्या जुन्या वळावरून ओळखावं लागतं. तो उलटा गेला तर नट कितीही आवळा, रॉड माउंटमध्ये हलतच राहतो. स्प्रिंगखाली गाडीची उंची बदलायची रिंग असते, तिचे आटे मातीने भरले होते. ते तारेच्या ब्रशने साफ न करता रिंग फिरवली की आटे सोलले जातात, मग आख्खा स्ट्रट बदला.

‘साधी गन वापरत नाहीत, हाताने पाना फिरवत बसतात’ असंही लिहिलंत. बरोबर पाहिलंत. टॉप नटला, म्हणजे शॉकअपच्या रॉडच्या वरच्या टोकाच्या नटला, आम्ही इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं मशीन) लावत नाही. लावली की पिस्टन रॉड आतल्या आत गरगर फिरतो आणि अ‍ॅडजस्टरचं (शॉकअप कडक-नरम करायच्या यंत्रणेचं) वाटोळं होतं. रॉड चिमट्यात धरूनही चालत नाही. त्याच्या गुळगुळीत भागावर एक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं आणि थोड्याच दिवसांत तेल गळतं. म्हणून वरून अ‍ॅलन की लावून रॉड धरायचा, बाजूने पान्याने नट फिरवायचा आणि नायलॉनचा लॉक नट नवाच घालायचा. त्याआधी स्प्रिंग दाबून घ्यायची. 25 न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग फक्त 60 मिलिमीटर दाबली तरी तिच्यात दीडशे किलोचा जोर असतो, तिथे घाई केली तर कुणाचा तरी जबडा जातो. शिवाय दाबताना दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात आणि स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकायला हवं. नाहीतर स्टिअरिंग वळवताना टणकन आवाज येतो.

खरा वेळ गेला तो मागच्या शॉकअपला. पुढच्यांना कडक-नरम करायला वर नॉब आहे, म्हणून ‘नॉब फिरवायला कितीसा वेळ?’ हे साहजिक वाटतं. मागचे मात्र दाबून फिरवायच्या प्रकारचे. ते गाडीवर असताना सेट होतच नाहीत. बंप स्टॉप काढायचा, रॉड तळापर्यंत दाबायचा, हळूहळू फिरवत आतल्या खाचेत अडकवायचा, पूर्ण नरम बाजूला नेऊन तिथून अर्धे-अर्धे फेरे मोजायचे आणि न फिरवता सरळ वर ओढायचा. ओढताना हात जरा वळला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही आणलेल्या दोघांत एक जवळपास पूर्ण कडक होता, दुसरा नरम. तसेच बसवले असते तर एकसारख्या खड्ड्यावरही गाडीचा मागचा भाग एका कुशीवर उडाला असता. त्यातून ते आडवे पडून राहिलेले, म्हणजे आतल्या नळीत हवा शिरलेली. उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण खालीवर केल्याशिवाय ती जात नाही.

शेवटी बुशांचे (सांध्यातल्या रबरी तुकड्यांचे) बोल्ट. चाकं लटकत असताना खालच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट फायनल कसले की गाडी खाली बसल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतं. म्हणून ते बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, गॅरेजच्या खड्ड्यात उतरून टॉर्क रेंचने (जोर मोजून कसायच्या पान्याने) कसले. लवकर आटपायचं असतं तर हेच गाळलं असतं. कळलं कुणाला असतं?

आता पुढच्या डाव्या बाजूच्या ‘टक-टक’ आवाजाबद्दल आणि ‘गाडी तिरकी उभी राहते’ याबद्दल. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून पाहा. स्प्रिंगखालची रिंग आणि तिच्या खालची लॉक रिंग यांच्यात दोन आट्यांची फट दिसते. आमच्याकडून गाडी जाते तेव्हा या दोन्ही रिंगा एकमेकींवर घट्ट आवळलेल्या असतात, आणि चारही चाकांवरची उंची चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजून कार्डावर लिहिलेली असते. ते कार्ड तुमच्याकडे आहे. रिंग वर चढवून स्प्रिंग कडक होत नाही, तो कोपरा फक्त उचलला जातो. मग वजन डाव्या पुढच्या आणि उजव्या मागच्या चाकावर जास्त येतं, आणि केलेलं अलाइनमेंटही बिघडतं. रिंग कुणी फिरवली हे मी विचारत नाही. फोटो सगळ्यांना दिसतो आहे.

उद्धटपणे बोलल्याचं म्हणालात, मुलांशी बोललो आहे. यापुढे काम लांबणार असेल तर कळवायची काहीतरी सोय करू.

गाडी घेऊन या. उंची, लॉक रिंग आणि अलाइनमेंट पुन्हा करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. तोवर खड्ड्यांतून जपून चालवा आणि त्या रिंगला हात लावू नका. शॉकअपच्या किटबरोबर आलेला, ती रिंग फिरवायचा सी-पाना तुमच्याच डिकीत आहे, तो मात्र आठवणीने आणा.