पिठाची गिरणी, कापडाची गिरणी

लालबागला आमच्या चाळीत गिरणी म्हणजे कापडाची. दळण टाकायचं ते चक्कीवर. मिनीआपोलिसला आल्यावर मिसिसिपीच्या काठी पिठाची गिरणी पाहिली, तीही भिंतीच उरलेली.

वॉशबर्न ए मिल, 1874 ची. सेंट अँथनी धबधब्याचं पाणी कालव्याने आत घेऊन त्यावर जाती फिरायची. 2 मे 1878 च्या संध्याकाळी हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि गिरणी उडाली. 18 माणसं गेली. (पीठ बाँबसारखं फुटतं, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.) 1880 पर्यंत गिरणी पुन्हा उभी राहिली. भरात असताना इथे एका दिवसात 1 कोटी 20 लाख पावांचं पीठ दळलं जाई. 1965 ला ती बंद पडली, 1991 ला आगीत जळाली. जळक्या भिंती तशाच ठेवून 2003 मध्ये आत संग्रहालय झालं.

फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले आणि वर शहाणपणा केला: 'बघा, इकडे अवशेषही जपतात, आपल्याकडे मॉल होतो.' मावसभावाने उत्तर दिलं, 'तुला भिंती दिसतात. आमचा गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज अजून लॉटरीत आहे.'

त्याचं बरोबर होतं. इथली गिरणी जळाली त्याच 1991 साली मुंबईत नियम झाला: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना, उरलेला मालकाला. 2001 मध्ये ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली, आणि घरांचा वाटा आक्रसला. इथे 1991 पर्यंत गिरणी बंद पडून 26 वर्षं झाली होती, म्हणून भिंती जपणं सोपं गेलं. शेजारी महागडे फ्लॅट इथेही झालेच. मुंबईतही संग्रहालय व्हावं, पण 1982 च्या गिरणी संपात होते त्यांना आधी घराची किल्ली द्या. आणि त्यांचं बोलणं आजच रेकॉर्ड करा.

इथल्या लिफ्टमध्ये मजल्यामजल्यावर यंत्रांचा खडखडाट आणि जुन्या कामगारांचे आवाज ऐकवतात. मी फोन धरून मामाला ऐकवला. चौतीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हे काय, शेजाऱ्याशी बोलता येतंय की!"