न दुखणाऱ्या दाढेचं काय करायचं?

दुखणाऱ्या दाढेचा एक फायदा असतो, ती आपल्याला विचारत बसत नाही. मध्यरात्री ठणका सुरू करते आणि सकाळी आपण गालावर हात ठेवून निमूट दवाखान्यात हजर होतो. खरी पंचाईत होते ती न दुखणाऱ्या दाढेची. माझ्या खालच्या दाढेत कॉलेजच्या दिवसांत भरलेली चांदी आहे. ती काळवंडली आहे, पण तिची स्वतःची काहीच तक्रार नाही. तक्रार असते ती तिच्याकडे बघणाऱ्यांची.

ती भरणारे डॉक्टर निवृत्त झाले आणि मी नव्या डॉक्टरांकडे गेलो. जुन्याचं काम नव्याच्या हाती गेलं की काय होतं, हे घरात नळदुरुस्ती करून घेतलेल्या कोणालाही सांगायला नको. आधी एक लांब ‘हंऽऽ’, मग ‘हे कोणी केलं होतं?’ तोंडात आरसा, सळई आणि लाळ ओढणारी नळी असताना या प्रश्नाचं उत्तर ‘आँ’ एवढंच देता येतं. ‘जुनं झालंय, बदलून टाकू,’ असा निकाल लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी तीच दाढ बघून सांगितलं, ‘उत्तम आहे. हात लावू नका.’

मग मित्रमंडळी धावून आली. चांदी म्हणवणाऱ्या या मिश्रणात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, ही माहिती मला जेवताना देण्यात आली. युरोपीय संघात २०२५ पासून त्यावर बंदी आहे, हेही कळलं. ते खरंच आहे, पण बंदी नवं भरण्यावर आहे (वैद्यकीय गरजेपुरता अपवाद ठेवून), तोंडातलं उपसून काढा असं कोणी म्हटलेलं नाही. उलट अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०२० मध्ये सांगितलं की सुस्थितीतली चांदी वैद्यकीय कारणाशिवाय काढू नका, कारण काढताना पाऱ्याची वाफ काही काळ वाढते. म्हणजे भीतीपोटी काढायला जावं, तर ज्याची भीती तेच हुंगायचं.

तिसरा सल्लागार फुकटचा आणि चोवीस तास हजर : जीभ. एवढी संशयी तपासनीस मी पाहिलेली नाही. कडेचा खसखशीएवढा खाचखळगा तिला दरीएवढा भासतो. बैठकीत समोरचा महत्त्वाचं काही सांगत असतो आणि मी विचारमग्न चेहऱ्याने आतल्या आत दरीची पाहणी करत असतो. लोकांना वाटतं, माणूस खोल आहे.

शेवटी कारणं नीट विचारली. फिलिंगच्या कडेला नवी कीड, दाढेला तडा, तुटलेला तुकडा, अन्न अडकणारी फट, चावताना कळ, ही बदलण्याची कारणं. वय हे कारण नव्हे. कडेची काळी रेघ म्हणजे कीडच असेही नाही, कधी नुसता डाग असतो. थोडीशी कड उडाली असेल तर तेवढीच डागडुजी चालते. मुख्य म्हणजे प्रत्येक बदलीत धडधाकट दाढही थोडी कोरली जाते. भोक मोठं होतं, त्यात मोठं फिलिंग बसतं, मग कधीतरी कॅप येते, रूट कॅनाल येतं. असं होत होत फिलिंग ठणठणीत आणि दाढ नावापुरती! पण नुसतं गप्प बसणंही धोक्याचं, कारण फिलिंगखालची कीड बराच काळ न दुखवता पसरू शकते. म्हणून अधूनमधून तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे. ‘बघू या’ हासुद्धा उपचार आहे, फक्त तो करून घेतल्याचं समाधान मिळत नाही.

तसा एक्स-रे काढला. चांदी निर्दोष सुटली. तिच्या शेजारच्या दाढेतलं दातासारखं पांढरंशुभ्र, सुबक फिलिंग, ज्यावर ना डॉक्टरांनी संशय घेतला होता, ना मित्रांनी, ना जिभेने, त्याच्याखाली मात्र कीड मुक्कामाला होती. तिथे चर्चेला वावच नव्हता. सुई टोचली, कोरलं, नवं सिमेंट भरलं, निळ्या दिव्याने कडक केलं, रंगीत कागद चावून घेतला, उंच लागलेलं घासून काढलं. सगळं मी घड्याळ बघायच्या आत उरकलं. चांदीला पुढची तारीख मिळाली.