मत न दिल्यास पाप? तो मेसेज चुकीचा

"अमुक पक्षाला मत न देणारा ख्रिस्ती पापी, तसा चर्चचा आदेश आहे" असा मेसेज फिरतोय. असा आदेश नाही. कॅथलिक धर्मसंहितेचे (१९८३) कलम २८७ धर्मगुरूंना पक्षीय राजकारणापासूनच लांब ठेवते, अपवाद मोजके. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी धर्माच्या नावावर मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार. मतदाराचा धर्मही त्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ ला ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले.

मेसेजखाली बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा (रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेले पत्र) १३ वा अध्याय चिकटवलाय. त्यात अधिकाऱ्यांचा मान राखा, कर भरा, शेजाऱ्यावर प्रीती करा, असे आहे. मतपेटीचा उल्लेख कुठून असणार? रोमी सम्राट काय मते मागत दारोदार फिरत होता?